गणिताच्या जाळ्यात प्रोटॉन

१९३३ साली हॅम्बुर्गमध्ये ओटो स्टर्न आणि त्यांचे सहकारी एक अवघड मोजमाप करत होते. हायड्रोजनच्या रेणूंचा बारीक झोत चुंबकी क्षेत्रातून सोडायचा, तो किती वळतो ते पाहायचं आणि त्यावरून प्रोटॉन किती ताकदीचा चुंबक आहे ते काढायचं. उत्तर काय यायला हवं हे सिद्धांतवाल्यांना ठाऊक होतं. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनसारखाच बिंदुवत कण असेल, तर डिरॅक यांच्या समीकरणानुसार एका ठरावीक एककात ते बरोबर १ यायला हवं. स्टर्नना ते दोन आणि तीनच्या दरम्यान मिळालं. आज त्याची किंमत २.७९ म्हणून ठाऊक आहे. न्यूट्रॉनचं तर आणखी विचित्र. त्याच्यावर विद्युतभारच नाही, म्हणजे त्याचं चुंबकत्व शून्य असायला हवं. ते उणे १.९१ निघालं. त्याच वर्षी नाझी राजवटीमुळे स्टर्नना जर्मनी सोडावी लागली. प्रश्न मात्र मागे उभा राहिला: या कणांच्या पोटात काहीतरी आहे, आणि ते हलतं-फिरतं आहे.

पुढच्या चाळीस वर्षांची गोष्ट अनेकांनी सांगितली आहे, म्हणून भराभर पुढे जातो. १९५० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी इलेक्ट्रॉनचा मारा करून प्रोटॉनला आकारमान असल्याचं दाखवलं. त्याची त्रिज्या एक फर्मीपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाख कोटीव्या भागापेक्षा, थोडी कमी भरली. १९६४ मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी क्वार्कची कल्पना मांडली. त्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत प्रोटॉनवर आपटलेले इलेक्ट्रॉन असे उसळले, की आत बिंदुएवढे कण आहेत हे मान्य करावंच लागलं. १९७३ पर्यंत सिद्धांतही हाती आला. त्याचं नाव क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स, म्हणजे क्यूसीडी. क्वार्कवर 'रंग' नावाचा तीन प्रकारचा भार असतो आणि ग्लुऑन त्यांना बांधून ठेवतात, हा त्याचा गाभा.

त्यानंतर पाठ्यपुस्तकांत एक चित्र आलं आणि ते अजूनही आहे: एक वर्तुळ, आत तीन रंगीत गोट्या. दोन अप, एक डाउन, झाला प्रोटॉन. मला हे चित्र दिशाभूल करणारं वाटतं, आणि त्याचं कारण साधी बेरीज आहे. कणांचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात, मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, मोजतात. अप क्वार्कचं वस्तुमान सुमारे २.२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, डाउनचं सुमारे ४.७. तिघांची बेरीज नऊच्या आसपास. प्रोटॉनचं वस्तुमान आहे ९३८. म्हणजे शंभरातला एक भाग गोट्यांमध्ये, उरलेले नव्याण्णव कुठे? ते क्वार्कच्या धावपळीच्या ऊर्जेत आहेत, ग्लुऑनच्या क्षेत्रात आहेत, आणि सतत उपजणाऱ्या-विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांच्या गर्दीत आहेत. आपलं शरीर, दगड, समुद्र, सगळ्यांचं वजन जवळजवळ पूर्णपणे या खळबळीचं वजन आहे. ती खळबळ समीकरणातून आकड्यांत उतरवायची, हा या लेखाचा विषय.

समीकरण तर एका ओळीत मावतं. अडचण ते सोडवण्याची आहे. विद्युतचुंबकत्वात बलाची ताकद १३७ मध्ये एक एवढी असते, त्यामुळे हिशेब पायरीपायरीने करता येतो. प्रत्येक पुढची पायरी आधीपेक्षा खूप लहान, म्हणून तीन-चार पायऱ्यांत काम भागतं. क्यूसीडीत फार जवळच्या अंतरावर बल क्षीण होतं, आणि तिथे ही रीत उत्तम चालते. पण प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतरावर तेच बल इतकं वाढतं, की दहावी पायरी पहिलीइतकीच मोठी असू शकते. त्यात ग्लुऑन एकमेकांनाही ओढतात. प्रकाशाचे कण एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत. ग्लुऑनचं तसं नाही. कागदावर मांडलेलं गणित इथे थांबतं.

१९७४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या केनेथ विल्सन यांनी वेगळी वाट काढली. अवकाश आणि काळ अखंड आहेत असं मानायचंच नाही. त्यांच्या जागी चार मितींचं एक जाळं घ्यायचं. जाळ्याच्या गाठींवर क्वार्क, आणि दोन गाठींना जोडणाऱ्या दोऱ्यांवर ग्लुऑन, तेही तीन ओळी-तीन स्तंभांच्या सारणीच्या रूपात. काळालाही गणिती अर्थाने 'काल्पनिक' करायचं. ही युक्ती केली की क्वांटम सिद्धांतातल्या सगळ्या आंदोलनांचं रूपांतर साध्या वजनांमध्ये होतं, जशी वजनं तापलेल्या वायूच्या किंवा चुंबकाच्या अभ्यासात असतात. मग संगणकाला यादृच्छिक नमुने काढायला लावायचे. ज्या रचनेचं वजन जास्त, ती जास्त वेळा येईल. शेवटी जाळं बारीक आणि पेटी मोठी करत नेऊन खऱ्या जगाकडे सरकायचं. या पद्धतीला लॅटिस क्यूसीडी म्हणतात. तिच्यात मनाने घातलेलं कोणतंही प्रतिमान नाही. क्वार्कची वस्तुमानं आणि बलाची ताकद एवढेच आकडे बाहेरून द्यावे लागतात, बाकी सगळं समीकरणातून यायला हवं. या पद्धतीबद्दल मला वाटणारा आदर मुख्यतः त्यामुळे आहे.

आकारमानाची कल्पना यावी म्हणून सध्याचं एक जाळं घेऊ. अवकाशाच्या तिन्ही दिशांना ९६ गाठी, काळाच्या दिशेने १९२, दोन गाठींमधलं अंतर ०.०६४ फर्मी. पेटीची बाजू सहा फर्मींच्या थोडी वर, म्हणजे प्रोटॉनला हातपाय पसरायला पुरेशी जागा. गाठी झाल्या सुमारे १७ कोटी. प्रत्येक गाठीला चार दोऱ्या, प्रत्येक दोरीवर अठरा संख्या. ग्लुऑन क्षेत्राचा एक नमुना साठवायला जवळपास शंभर गिगाबाइट लागतात. क्वार्क या क्षेत्रातून कसा जातो हे काढण्यासाठी २०० कोटींहून अधिक ओळी-स्तंभ असलेली सारणी उलटवावी लागते, तीही पुन्हा पुन्हा. आणि असे नमुने लागतात शेकड्यांनी, हजारांनी.

नमुने तयार झाले की प्रोटॉन येतो. जाळ्यावर एका क्षणी तीन क्वार्क योग्य रीतीने गुंफून प्रोटॉन पेरायचा, आणि काही काळाने दुसऱ्या क्षणी तो कापून घ्यायचा. पेरणी आणि कापणीमधला काळ वाढवला की मिळणारा आकडा घातांकी गतीने घटत जातो, आणि त्या घटीच्या दरातून वस्तुमान कळतं. रचना पाहायची असेल तर मधल्या वेळी आतल्या एखाद्या क्वार्कला टोचायचं: विद्युतभाराने टोचलं तर भार कसा पसरला आहे ते कळतं, स्पिनने, म्हणजे कणाच्या अंगभूत फिरकीने, टोचलं तर प्रोटॉनच्या स्पिनमधला त्या क्वार्कचा वाटा. हॉफस्टॅटर यांनी इलेक्ट्रॉनने केलं तेच हे, फक्त संगणकाच्या आत.

पण पेरलेलं पीक निव्वळ प्रोटॉनचं नसतं. तीन क्वार्कच्या त्या गुंफणीतून प्रोटॉनबरोबर त्याच्या उत्तेजित अवस्थाही उगवतात. त्या लवकर विरतात, म्हणून थोडं थांबलं तर शुद्ध प्रोटॉन उरतो. पावसाळ्यातलं गढूळ पाणी हंड्यात निवळायला ठेवावं तसं. दुर्दैव असं की इथे पाणी निवळेपर्यंत अंधार पडतो. जॉर्जो पारिसी यांनी १९८४ मध्ये आणि पीटर लपाज यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की प्रोटॉनचा संकेत घटतो त्यापेक्षा त्यातला गोंगाट फार सावकाश घटतो. हिशेब केला तर दर एक फर्मी जादा थांबण्याला संकेत गोंगाटाच्या तुलनेत चाळीस पटींनी क्षीण होतो. तो परत मिळवायचा तर नमुने चाळीसच्या वर्गाएवढे, म्हणजे सोळाशे पट, हवेत. जगातला कोणताही महासंगणक ही उधारी फार वेळ फेडू शकत नाही. म्हणून सगळ्यांना कमी थांबूनच मोजावं लागतं, आणि पाणी पुरेसं निवळलं होतं का, हा संशय प्रत्येक उत्तराला चिकटून राहतो. गेल्या पंचवीस वर्षांतले या क्षेत्रातले बहुतेक वाद या एका संशयाचे आहेत.

सुरुवातीला तर तिथवर पोचणंच दूर होतं. १९८० मध्ये ब्रुकहेवनच्या मायकेल क्रॉइट्झ यांनी संगणकावर पहिल्यांदा दाखवलं, की जाळ्यावरचं बल खरोखर दोन्ही रूपं दाखवतं, जवळ क्षीण आणि दूर प्रबळ. त्या काळच्या यंत्रांवर हे क्वार्कशिवाय, आणि रंगांच्या सोप्या आवृत्तीवरच शक्य होतं. पुढची जवळजवळ दोन दशकं बहुतेकांनी क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांची ती गर्दी हिशेबातून वगळली, कारण तिच्यासह हिशेब शेकडो पट महाग पडे. शिवाय क्वार्क हलका घेतला की सारणी उलटवणं कठीण होतं, म्हणून क्वार्क मुद्दाम जड घेत. त्यामुळे पायॉन, म्हणजे क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोडीचा हलका कण, निसर्गात १४० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ असला तरी संगणकात ५०० किंवा त्याहून जड असे. उत्तर मिळाल्यावर ते हलक्या पायॉनकडे ओढून न्यायचं, आणि ओढण्याची रेषा कोणती घ्यायची यावर भांडायचं.

यंत्रंही या लोकांनी स्वतः बांधली, हे मला फार मोलाचं वाटतं. इटलीत आपे नावाची मालिका, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात क्यूसीडीसाठीच घडवलेले संगणक, जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठाचं सीपी-पॅक्स. हे शेवटचं यंत्र नोव्हेंबर १९९६ मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत पहिलं होतं. कोलंबियातल्या रचनेचा वारसा आयबीएमच्या ब्लू जीन महासंगणकांत उतरला. प्रोटॉनच्या पोटात डोकावण्याच्या हट्टातून संगणकशास्त्राला मिळालेली ही देणगी आहे.

पहिलं मोठं यश २००८ चं. बुडापेस्ट, मार्सेल आणि वुपर्टाल इथल्या गटाने जोड्यांची गर्दी धरून, हलक्या पायॉनपर्यंत जाऊन, प्रोटॉनसह डझनभर कणांची वस्तुमानं काढली. ती प्रयोगाशी काही टक्क्यांच्या आत जुळली. याच गटाने मित्रांसह २०१५ मध्ये त्याहून नाजूक काम केलं. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा १.२९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टने जड आहे, हजारात दीड भागही नाही. हा फरक त्यांनी विद्युतचुंबकत्व जाळ्यात घालून १.५१ काढला, अधिक-उणे ०.२८. डाउन क्वार्क अपपेक्षा जड असल्याने फरक सुमारे अडीच वाढतो, आणि प्रोटॉनवरच्या भाराची ऊर्जा त्यातून एक वजा करते. उलट झालं असतं, प्रोटॉन जड ठरला असता, तर हायड्रोजनचा अणू टिकला नसता, पाणी झालं नसतं, ताऱ्यांचं इंधन नसतं. दोन संख्यांच्या वजाबाकीवर जग उभं आहे, आणि ती वजाबाकी आता मोजून दाखवता येते.

वस्तुमान जमलं तरी रचना जमली असं होत नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अक्षीय भार नावाच्या संख्येचं. न्यूट्रॉन किती सहजपणे प्रोटॉनमध्ये बदलतो, हे तिच्यावर ठरतं. प्रयोगात ती १.२७५ च्या आसपास आहे. जाळ्यावर ही सगळ्यांत सोपी संख्या समजली जाई, आणि तरीही वर्षानुवर्षं उत्तर १.१ ते १.२ यायचं. सिद्धांत चुकतोय का, अशी कुजबुज झाली. मला वाटतं, या विद्येची खरी परीक्षा त्या वर्षांत झाली. पेटी लहान असली की प्रोटॉनभोवतीचा पायॉनचा ढग दाबला जातो, हे एक कारण सापडलं. न निवळलेल्या अवस्था हे दुसरं. लोकांनी पेट्या मोठ्या केल्या, पेरणी-कापणीची अंतरं पाच-सहा प्रकारे बदलून पाहिली, प्रत्येक आकड्यापुढचं अधिक-उणे पुन्हा तपासलं. २०१८ मध्ये कॅलॅट या गटाने पद्धतच बदलून १.२७१ हे उत्तर दिलं, एका टक्क्याच्या चुकीसह. समीकरण पहिल्यापासून बरोबर होतं. कमी पडत होती ती मोजणाऱ्यांची काळजी. म्हणून मी या कामाला संगणकावरचा प्रयोग म्हणतो. प्रयोगात जसं, तसंच इथेही उत्तराइतकंच त्याच्या चुकीचं मोजमाप महत्त्वाचं.

गोष्ट इथेही संपली नाही. २०२२ मध्ये विन्चेन्झो चिरिलियानो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की न्यूट्रॉनच्या ऱ्हासात पायॉनच्या ढगामुळे विद्युतचुंबकी दुरुस्ती टक्क्याच्या पातळीवर येऊ शकते. म्हणजे प्रयोगातला आकडा आणि जाळ्यावरचा आकडा थेट शेजारी ठेवता येत नाहीत. मध्ये एक हिशेब आहे. याला व्यावहारिक धार आहे. न्यूट्रॉनचं आयुष्य बाटलीत कोंडून मोजलं तर ८७८ सेकंद येतं, झोतातून जाताना मोजलं तर ८८८. हा दहा सेकंदांचा वाद शुद्ध गणनेने सोडवायचा तर अक्षीय भार टक्क्याच्या पाचव्या भागाएवढ्या अचूकतेने हवा. ती पातळी आज हाताशी नाही.

निवळण्याच्या संशयाने एक सुंदर शोधही दिला. अक्षीय भार ही प्रोटॉन स्थिर असतानाची संख्या. जोराचा धक्का दिल्यावर तिचं रूप कसं बदलतं, हे सांगणाऱ्या तीन फलनांमध्ये एक संबंध असायलाच हवा, कारण तो सममितीतून येतो. जाळ्यावर तो पाळला जात नव्हता. दोषी सापडला तो प्रोटॉन अधिक पायॉन अशा हलक्या जोडअवस्थांमध्ये. क्वार्क त्यांच्या खऱ्या वस्तुमानापर्यंत आणले की या अवस्था बाराशे मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपासूनच, म्हणजे अपेक्षेपेक्षा पुष्कळ खाली, सुरू होतात, आणि नेहमीच्या तपासणीत दिसतही नाहीत. ओलिव्हर बेर यांनी हे सिद्धांतातून दाखवलं होतं. लॉस अलामोसमधल्या राजन गुप्ता आणि तन्मय भट्टाचार्य यांच्या गटाने त्या अवस्था हिशेबात धरल्या आणि संबंध जुळला. न्यूट्रिनोचे मोठे प्रयोग यातल्या अक्षीय फलनाची वाट पाहत आहेत, कारण न्यूट्रिनो केंद्रकावर किती वेळा आपटतो हे त्यावरून ठरतं. जुन्या बुडबुडा-कोठीतल्या मोजमापांपेक्षा जाळ्यावरचं फलन सावकाश घटतं.

त्रिज्येची कथा वर्तमानपत्रांतही गाजली. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत इलेक्ट्रॉनऐवजी जड म्युऑन फिरणारा हायड्रोजन तयार करून त्रिज्या मोजली, ती ०.८४२ फर्मी आली. तोवर प्रमाण मानलेला आकडा ०.८७७ होता. चार टक्क्यांचा हा फरक दशकभर छळत राहिला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जेफर्सन प्रयोगशाळेने इलेक्ट्रॉन वापरूनच ०.८३१ काढला. जाळ्यावरून माइन्झच्या गटाने अलीकडे काढलेलं उत्तर आहे ०.८२०, अधिक-उणे ०.०१४. म्हणजे ते लहान त्रिज्येच्या बाजूने झुकतं. त्याच कामात प्रोटॉनचं चुंबकत्वही आलं: २.७४, सुमारे ०.०७ चुकीसह. स्टर्न यांना हॅम्बुर्गमध्ये सापडलेला तो अनपेक्षित आकडा आता क्यूसीडीच्या समीकरणातून, प्रतिमानाच्या मदतीशिवाय, बाहेर येतो. हे वाचलं तेव्हा मी तो आकडा दोनदा पाहिला.

स्पिनचा पेच याहून खोल आहे. १९८७-८८ मध्ये सर्न इथल्या ईएमसी प्रयोगाने म्युऑनचा मारा करून दाखवलं, की प्रोटॉनच्या स्पिनमध्ये क्वार्कच्या स्वतःच्या स्पिनचा वाटा अगदी थोडा आहे. तीन गोट्यांच्या चित्राला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का. नंतरच्या प्रयोगांनी तो वाटा तीस टक्क्यांच्या आसपास नेला. उरलेला कुठे? क्वार्कच्या कक्षीय गतीत आणि ग्लुऑनमध्ये, असं म्हणणं सोपं, पण ते वेगळे करून मोजणं प्रयोगाला फार जड जातं. जाळ्यावरही सोपं नाही, कारण पेरलेल्या तीन क्वार्कशी थेट न जोडलेले, गर्दीतून उपजलेले क्वार्क टोचावे लागतात, आणि तिथला गोंगाट भयंकर. तरी २०२० पर्यंत सायप्रसच्या कॉन्स्टान्शिया अलेक्झांड्रू यांच्या पुढाकाराखालच्या गटाने प्रत्येक प्रकारच्या क्वार्कचा वाटा वेगळा काढला. अपचा मोठा आणि धन, डाउनचा ऋण, गर्दीतल्या जड स्ट्रेंज क्वार्कचा लहानसा ऋण. क्वार्कच्या स्पिनचा एकूण वाटा चाळीस टक्क्यांच्या थोडा खाली, आणि ग्लुऑनसह सगळ्यांची बेरीज चुकीच्या मर्यादेत पूर्ण एक. केंटकीच्या केह-फेइ लिउ यांच्या गटाने २०१७ मध्ये ग्लुऑनच्या स्पिनचा वाटा निम्म्याच्या आसपास काढला. हे दोन गट स्पिनची वाटणी वेगवेगळ्या व्याख्यांनी करतात, त्यामुळे आकडे एका कोष्टकात कोंबणं चुकीचं ठरेल. बातम्यांमध्ये ते सर्रास कोंबलेले दिसतात.

वस्तुमानाची वाटणीही अशीच व्याख्येवर टेकलेली आहे. शियांगदोंग जी यांनी १९९५ मध्ये सुचवलेली रीत वापरून लिउ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आकडे दिले: क्वार्कच्या वस्तुमानामुळे सुमारे ९ टक्के, क्वार्कच्या गतीमुळे ३२, ग्लुऑन क्षेत्राच्या ऊर्जेमुळे ३६ आणि उरलेले २३ टक्के एका क्वांटम विसंगतीमुळे. इथे क्वार्कचा वाटा एकवरून नऊ कसा झाला? कारण त्यात गर्दीतल्या जोड्याही आल्या, स्ट्रेंजसारखे जड क्वार्कही आले. ही वाटणी एकमेव नाही, आणि कुठली अधिक भौतिक यावर अजून गंभीर वाद आहे. मला मात्र वाटणीपेक्षा ती करता येते हीच गोष्ट मोठी वाटते.

एक बाजू बराच काळ बंदच होती. स्लॅकपासून आजवर प्रयोग जे मोजत आले, ते म्हणजे वेगाने धावणाऱ्या प्रोटॉनच्या संवेगातला किती भाग एखादा क्वार्क किंवा ग्लुऑन वाहून नेतो, त्याचा आलेख. हा आलेख प्रकाशाच्या वाटेवर मोजला जातो, आणि काळ काल्पनिक केला की प्रकाशाची वाट उरतच नाही. म्हणून जाळ्यावर फक्त त्याच्या पहिल्या दोन-तीन सरासऱ्या काढता येत. २०१३ मध्ये मेरीलँडच्या जी यांनीच उपाय सुचवला: प्रोटॉनला जाळ्यावर जमेल तितका पळवा, एकाच क्षणी त्याचा आडवा छेद घ्या, आणि खऱ्या आलेखाशी असलेला फरक कागदावरच्या गणिताने दुरुस्त करा, कारण तो फरक जवळच्या अंतरावरचा असल्याने तिथे पायऱ्यांची रीत चालते. अनातोली राद्युशकिन यांनी २०१७ मध्ये जवळची दुसरी वाट दाखवली. तेव्हापासून या विषयावर शोधनिबंधांची रीघ लागली आहे. मी थोडा सावध आहे. प्रोटॉन पळवला की गोंगाट आणखी वाढतो, दुरुस्त्या अजून मोठ्या आहेत, आणि संवेगाचा अगदी लहान वाटा असलेला, ग्लुऑननी गजबजलेला भाग या रीतीच्या आवाक्याबाहेर राहतो. आलेख प्रयोगाच्या आलेखावर बसला की आनंद होतोच, पण तो योगायोगाने बसला की काय, हे ठरवायला चुकीचा पूर्ण हिशेब हवा. तो आता हळूहळू येतो आहे.

प्रोटॉनमधल्या दाबाचं तर नुसतंच नाव घेतो. २०१८ मध्ये जेफर्सन प्रयोगशाळेतल्या मोजमापांवरून मध्यभागी १ वर ३५ शून्यं इतक्या पास्कलचा दाब काढला गेला. एमआयटीच्या फियाला शनाहन आणि विल डेटमोल्ड यांनी पुढच्या वर्षी ग्लुऑनचा भाग जाळ्यावरून दिला. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण इतक्या लहान जागी 'दाब' या शब्दाचा अर्थ काय, यावर एकमत नाही.

आपल्याकडे हे काम मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, बरीच वर्षं चालतं. राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी तापलेल्या क्वार्क-ग्लुऑन द्रव्याचं, नीलमणी माथुर यांनी जड क्वार्क असलेल्या कणांचं काम जाळ्यावर केलं आहे. आयआयटी मुंबईत अस्मिता मुखर्जी प्रोटॉनच्या त्रिमित रचनेवर सिद्धांताच्या अंगाने काम करतात. ब्रुकहेवनमध्ये उभ्या राहणाऱ्या इलेक्ट्रॉन-आयन टकरावयंत्राचा हाच विषय आहे, आणि त्यात भारतीय संस्थांचाही सहभाग आहे. संगणकाच्या उत्तरांना त्या यंत्राशी थेट भिडावं लागेल.

त्याआधी एक जुना हिशेब मिटायला हवा. अप आणि डाउन क्वार्कला वस्तुमान असल्यामुळे प्रोटॉनच्या वस्तुमानात नेमकी किती भर पडते? या संख्येला सिग्मा पद म्हणतात. जमिनीखाली कृष्णद्रव्याचा कण झेनॉनच्या केंद्रकावर आपटण्याची वाट पाहणारे प्रयोग चालू आहेत. तो कण कशा प्रकारचा आहे हे आपटण्याच्या दरावरून ताडायला हा आकडा लागतो. पायॉन आणि प्रोटॉनच्या टकरींतून आणि पायॉन फिरणाऱ्या अणूंच्या अचूक मोजमापांतून मार्टिन होफेरिख्टर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो ५९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट काढला. जाळ्यावरच्या बहुतेक गटांना मात्र ४० च्या आसपास मिळतो. २०२१ मध्ये लॉस अलामोसच्या राजन गुप्ता यांच्या गटाने तेच नमुने दोन रीतींनी वाचले. पायॉनच्या जोडअवस्था न धरता उत्तर ४२, धरून ६०. नमुने तेच, गोंगाट तोच, आणि निवळायला आणखी थांबण्याची मुभा नाही. आता काही गट प्रोटॉनबरोबर पायॉनही मुद्दाम पेरून त्या अवस्था वेगळ्या वेचून काढत आहेत. हे अत्यंत खर्चिक आहे, एकेका नमुन्यामागे काम कितीतरी पट वाढतं, आणि चाळीस की साठ याचं उत्तर तिथूनच यायचं आहे.